गुरुवारचे टिकमार्क

आमच्या भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. बुधवारी रात्री पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या प्रेस थांबतात, कॉम्प्रेसरची घरघर बंद होते आणि शुक्रवारी पहिल्या पाळीला शटर वर केलं की आत कोंडलेल्या तेलाचा आणि थंड पत्र्याचा वास अंगावर येतो. मला तो वास आवडतो. बायकोच्या मते तो माझ्या शर्टातून कधी जातच नाही. अशाच एका शुक्रवारी चहाचा कागदी कप हातात धरून मी 150 टनी प्रेससमोर उभा होतो. प्रेसच्या खांबाला एक क्लिपवाली पाटी लटकवलेली असते, तिच्यावर रोजच्या तपासणीचा तक्ता. क्लच-ब्रेक, तेलाची पातळी, दोन हातांची बटणं (दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस चालते), लाइट कर्टन (मध्ये हात आला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा), डायचे म्हणजे साच्याचे क्लॅम्प अशा 24 ओळी आणि महिन्याच्या तारखांचे 31 रकाने. सहज नजर गेली तर गुरुवारच्या रकान्यातही वरपासून खालपर्यंत टिकमार्क. एकाच निळ्या शाईतले, एकाच बाजूला कललेले, एका दमात मारलेले. कारखान्याला कुलूप होतं, मेन स्विच बंद होता, आणि कागदाच्या म्हणण्यानुसार त्या दिवशी आमची प्रेस 24 कसोट्यांवर ठणठणीत होती.

प्रेसवर डाय बसवणाऱ्या सेटरला बोलावून रकाना दाखवला. लातूरकडचा माणूस, हात सोन्याचा, बोलणं मोजकं. त्यानं कापडानं बोटं पुसली, तक्त्याकडे पाहिलं आणि जराही न ओशाळता म्हणाला, ‘‘साहेब, ऑडिटवाले कागद बघतेत. मशीनकडं कोण बघायलंय?’’

रागवायच्या तयारीनं गेलो होतो, पण त्यावर रागवायचं कसं ते सुचेना.

आमचे मालक वाचणारे आहेत, हे आधी सांगायला हवं. लघुउद्योजकांच्या मेळाव्याहून परतले की त्यांच्या हातात नवं पुस्तक असतं, आणि पुस्तक आलं की महिन्याभरात भिंतीवर नवा बोर्ड येतो. शॉपच्या उत्तरेकडच्या भिंतीवर ते सगळे आजही आहेत. जागेच्या टापटिपीचा, म्हणजे ‘फाइव्ह एस’चा पिवळा, रोजच्या छोट्या सुधारणांचा, म्हणजे कायझनचा हिरवा, ‘पाच वेळा का विचारा’ असं सांगणारा निळा. कुठलं पुस्तक कुठल्या साली आलं ते रंग किती उडालाय यावरून ओळखता येतं. कायझनच्या सूचनापेटीत एकदा पेढ्याचा कागद निघाला होता, तीही एक सूचनाच असावी. मी हसतोय खरा, पण वाचणाऱ्या मालकाकडे नोकरी करणं हे न वाचणाऱ्याकडे करण्यापेक्षा कितीतरी बरं, हे दोन्हीकडे काम केलेला कुणीही सांगेल. अडचण वेगळीच असते. पुस्तकातलं वाक्य पेन्सिलीनं अधोरेखित केलं की आतून एक समाधान होतं, काहीतरी आपल्या हाती लागलं असं. वहीत उतरवलं की ते दुप्पट होतं, भिंतीवर लावलं की चौपट. आणि त्या समाधानात आणि गुरुवारच्या टिकमार्कात फारसा फरक नसतो.

तक्त्याचा किस्सा मालकांच्या कानावर गेला तेव्हा त्यांनी अतुल गावंडे या सर्जन-लेखकाचं ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ माझ्या हातात ठेवलं. मालक पुसदचे, त्यामुळे गावंडे हे त्यांचे घरचेच. लेखकाचे वडील त्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातल्या उटीचे, हे त्यांनी पुस्तक देण्याआधी सांगितलं, देताना सांगितलं आणि दिल्यावरही सांगितलं. लेखक अमेरिकेत ब्रुकलिनमध्ये जन्मले, ओहायोत वाढले आणि बॉस्टनला सर्जन झाले, ही गोष्ट पुसदच्या माणसाच्या दृष्टीनं तपशिलाची असते. ‘‘यादीवरचं पुस्तक आहे, तुमच्या कामाचं,’’ म्हणाले. मला मनात वाटलं, याद्यांनीच तर हा घोळ घातलाय.

वाचत गेलो तसं उलटंच निघालं. पुस्तकात विमानाची ती गोष्ट आहे, जी आता व्यवस्थापनाच्या प्रत्येक भाषणात ऐकायला मिळते. 30 ऑक्टोबर 1935 ला अमेरिकेत डेटनजवळच्या धावपट्टीवर बोइंगचं नवं चार इंजिनांचं बॉम्बर विमान उडालं, वर चढलं आणि कोसळलं. चालवणारा वैमानिक कसलेला होता. शेपटीकडच्या पंखाची खिट्टी उड्डाणाआधी काढायची राहून गेली होती, एवढंच. त्यावर वैमानिकांना जास्त प्रशिक्षण द्यायच्या ऐवजी एक छोटा कागद तयार केला गेला, आणि तेच विमान पुढे बी-17 म्हणून हजारोंनी बनलं. भाषणात गोष्ट इथं संपते, टाळ्या पडतात. मी मात्र अडकलो ते पुढे, बाल्टिमोरच्या एका अतिदक्षता विभागात.

जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पीटर प्रोनोव्होस्ट नावाच्या डॉक्टरांनी 2001 मध्ये फक्त पाच ओळी लिहिल्या होत्या. मोठ्या शिरेत नळी घालताना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून काय करायचं ते. हात साबणानं धुवा, रुग्णाची त्वचा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकानं पुसा, पूर्ण अंगावर निर्जंतुक कापड घाला, टोपी-मास्क-गाऊन-हातमोजे घाला, नळीवर निर्जंतुक पट्टी लावा. यातलं एकही डॉक्टरांना नवं नव्हतं. त्यांनी आधी महिनाभर नर्सना नुसतं बघायला सांगितलं, तर एक तृतीयांशाहून जास्त रुग्णांच्या बाबतीत यातली निदान एक पायरी गळत होती. मग त्यांनी व्यवस्थापनाकडून एक परवानगी मिळवली. डॉक्टरनं पायरी गाळली तर नर्सनं त्याला तिथल्या तिथे थांबवायचं, आणि तिच्या पाठीशी प्रशासन उभं राहणार. नळी घातल्यापासून दहा दिवसांत होणाऱ्या संसर्गाचं प्रमाण जे 11 टक्के असायचं, ते वर्षभरात शून्यावर आलं.

पाच ओळी मी झेरॉक्स काढून कुठेही लावू शकतो. ती परवानगी झेरॉक्स कुठे होते?

मग मला अण्णांची घंटा आठवली. माझे वडील बार्शी आगारात एसटीचे कंडक्टर होते. खाकी शर्ट, खांद्याला चामड्याची बॅग, तिकिटांचा तो पत्र्याचा ट्रे आणि अंगठ्याजवळ पंच, जो ते रिकाम्या वेळीही कटकट वाजवत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर तुळजापूरच्या गाडीत बसायचो, इंजिनाच्या गरम झाकणाजवळच्या जागेवर. छताला लागून दोरी जायची, मागच्या दारापासून ड्रायव्हरच्या डोक्यापर्यंत. दोरी दोनदा ओढली की गाडी निघायची, एकदा ओढली की थांबायची. त्या मार्गावर एक वयस्कर ड्रायव्हर होते, भयंकर तापट. प्रवाशांवर ओरडायचे, सायकलवाल्यांवर ओरडायचे, बैलांवरसुद्धा ओरडायचे. एकदा एका फाट्यावर म्हातारीचा एक पाय पायरीवर, गाठोडं अजून खाली, आणि गाडी हलली. अण्णांनी दोरी एकदाच ओढली. गाडी गचकन थांबली, सगळे पुढे झुकले. ‘‘टायमिंग गेलं ना माझं!’’ अशी समोरून गर्जना झाली. अण्णा काही बोलले नाहीत. म्हातारी चढली, गाठोडं चढलं, मग डबल बेल. पुढच्या थांब्यावर दोघं एकाच बाकावर बसून भजी खात होते.

अण्णा स्वभावानं भित्रे म्हणावेत इतके सौम्य होते. वाण्याला उधारीचा हिशेब विचारतानाही त्यांची जीभ अडखळायची. पण त्या तापट माणसाला त्यांनी दिवसातून कितीतरी वेळा थांबवलं असेल, आणि त्यासाठी त्यांना एकदाही छातीचा भाता फुगवावा लागला नाही. थांबवणं हे त्यांचं काम होतं. दोरी छताला होती, एसटीनं लावलेली. गाडी मागे घेताना तर ते खाली उतरून शिट्टी वाजवत मागे उभे राहायचे आणि एवढं मोठं धूड त्यांच्या शिट्टीवर इंच-इंच सरकायचं. तो तापट ड्रायव्हरही डबल बेलशिवाय गाडी कधी हलवायचा नाही. त्या फाट्यावर हलली तेव्हा क्लच सुटला होता, अशी सफाई ड्रायव्हरनं भजी खाता खाता दिली होती म्हणे.

आमच्या प्रेसवर काय आहे? प्रेस तातडीनं थांबवणारं लाल मशरूम बटण आहे. नियमानं कुणीही दाबू शकतं. पण दाबलं की संध्याकाळच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न येतो, ‘‘कुणी दाबलं?’’ आवाज अगदी साधा असतो, प्रश्न विचारणाऱ्याला खरोखर माहितीच हवी असते. तरी ‘का दाबलं’च्या आधी ‘कुणी’ आलं की पुढच्या वेळी तो हात खिशात जातो. टोयोटाच्या कारखान्यात कामगार दोरी ओढून लाइन थांबवू शकतो, हे मी निदान तीन प्रशिक्षणांत ऐकलंय. दोरी ओढली की टीम लीडर धावत येतो आणि आधी मदत करतो, हा अर्धा भाग प्रशिक्षणात घाईघाईनं उरकला जातो, बहुधा जेवणाची सुट्टी जवळ आलेली असते.

गावंडेंच्या पुस्तकातली एक वस्तू मात्र मी उचलली. ओहायोतल्या कोलंबसच्या मुलांच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या सुरीवर एक छोटा धातूचा तंबू झाकून ठेवत, ‘उड्डाणास परवानगी’ अशा अर्थाचे शब्द लिहिलेला. यादी मोठ्यानं वाचून झाली की नर्स तो उचलणार, तोवर सर्जनला सुरी नाही. मला हे फार आवडलं, कारण त्यात कुणी कुणाला काही सुनावत नाही. एका पत्र्याला हात लावायचा नाही, बस. पत्रा तर आमच्याकडे ढिगानं. भंगारातल्या तुकड्यातून सेटरनंच एक टोपण वाकवून दिलं, धार घासून, कोपरे गोल करून. डाय बदलली की ते दोन हातांच्या बटणांवर बसवायचं. मग सेटरनं पाच गोष्टी मोठ्यानं बोलायच्या: क्लॅम्प आवळले, शट हाइट (प्रेस पूर्ण खाली आल्यावरची उंची) बघितली, लाइट कर्टन मध्ये हात घालून तोडून बघितला, इंचिंगवर म्हणजे थोडंथोडं सरकवत एक स्ट्रोक घेतला, पहिला पीस मापाच्या गेजला लावला. हेल्परनं प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी बघायची आणि मगच टोपण काढायचं. टोपण काढायचा हक्क फक्त हेल्परचा. 24 ओळींचा तक्ता ग्राहकासाठी होता तसा राहिला. हे त्याच्या बाहेरचं, आमच्या आमच्यात.

हेल्पर म्हणजे आयटीआयची अप्रेंटिस पोरगी, शॉपमधली सगळ्यात धाकटी. सुरुवातीला सेटर पुटपुटायचा आणि ती न ऐकताच टोपण काढायची. दोघंही लाजत. बाकीचे ‘मंगलाष्टकं झाली का रे’ म्हणून चिडवत. मग एकदा तिनं टोपण काढलं नाही. मागच्या बाजूचा एक क्लॅम्प तिला दिसत नव्हता, आणि सेटर म्हणत होता आवळलाय. गाडी बाहेर उभी, डिस्पॅच अडलेला, मालक नेमके तिथे. तिनं टोपणावर हात ठेवलेला होता, आणि तो हात थरथरत होता हे मला चार हातांवरून दिसत होतं. मालकांनी घड्याळ पाहिलं. मला वाटलं, झालं, आता सगळं पाण्यात. त्यांनी सेटरला विचारलं, ‘‘टॉर्क पाना कुठाय?’’ क्लॅम्प हवा तेवढ्या जोरानं आवळलाय का, ते त्या पान्यानं कळतं.

टॉर्क पाना स्टोअरमध्ये होता. स्टोअरला कुलूप होतं. किल्ली स्टोअरकीपरकडे, तो जेवायला गेलेला.

इथं मला पुन्हा प्रोनोव्होस्ट आठवले. पुढे मिशिगन राज्यात हा प्रयोग पसरवताना असं दिसलं की निम्म्याहून जास्त अतिदक्षता विभागांत तो क्लोरहेक्सिडिनचा साबणच नव्हता. यादीत लिहिलंय साबणानं पुसा, आणि साबण नाही. तेव्हा प्रत्येक विभागाला एकेक वरिष्ठ अधिकारी जोडून दिला, त्यानं महिन्यातून निदान एकदा तिथं जायचं आणि काय अडलंय ते सोडवायचं. साबण आला. पहिल्या तीन महिन्यांत संसर्ग 66 टक्क्यांनी उतरले. नेतृत्वावरच्या पुस्तकांत दृष्टी, प्रेरणा, संवाद अशी प्रकरणं असतात. ‘साबण आणून देणे’ या नावाचं प्रकरण मी अजून कुठे पाहिलेलं नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं तेच असायला हवं. टॉर्क पाना आता प्रेसच्या बाजूला, साखळीनं बांधलेला असतो. साखळी का, तर तिसऱ्या पाळीत तो चालता होतो म्हणून. आदर्श कारखान्यात साखळी लागत नसेल. आमच्यात लागते.

इतकं झाल्यावर गोष्ट गोड व्हायला हवी. तशी झाली नाही. काही महिन्यांत त्या पाच वाक्यांची आरती झाली. सेटर म्हणे क्लॅम्प आवळले शटहाइट बघितली कर्टन तोडला स्ट्रोक घेतला पीस लावला, आणि ‘लावला’च्या आत टोपण बाजूला. दोघांच्याही नजरा मोबाइलवर. मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही, कारण तोवर मी पुस्तकाच्या पुढचं वाचलं होतं. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या 19 कलमी शस्त्रक्रिया-यादीचे निष्कर्ष आले. दिल्लीपासून सिएटलपर्यंत आठ शहरांतली आठ रुग्णालयं, आणि मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर. पुस्तकाला वजन आलं ते त्यामुळे. मग कॅनडातल्या ओंटारियोनं तीच यादी प्रांतभर सक्तीची केली. 101 रुग्णालयं तपासून 2014 मध्ये अहवाल आला: याद्या जवळपास सगळीकडे भरल्या जात होत्या, आणि मृत्यूंत लक्षणीय फरक नव्हता. वाचताना मला आमच्या सेटरचा आवाज ऐकू आला, ओंटारियोच्या इंग्रजीत.

त्याहून जवळचा तो उत्तर प्रदेशचा प्रयोग. 24 जिल्ह्यांतली 120 आरोग्य केंद्रं, दीड लाखाहून जास्त बाळंतपणं, आणि सुरक्षित प्रसूतीची 28 कलमी यादी. निम्म्या केंद्रांत शिकवणारे लोक वारंवार जाऊन परिचारिकांच्या शेजारी उभे राहत. तिथं योग्य कृतींचं प्रमाण 73 टक्क्यांपर्यंत गेलं, जिथं कुणी जात नव्हतं तिथं 42. शेजारी उभं राहणं संपल्यावर काही महिन्यांनी ते 62 वर घसरलं. आणि सगळं करून माता-बालकांच्या मृत्यूंत फरक पडला नाही. हे 2017 मध्ये छापणाऱ्यांत खुद्द गावंडेंचं नाव आहे. माझ्या लेखी ते पुस्तकाइतकंच मोठं काम आहे. मालकांना सांगितलं तर ते जरा हिरमुसले. उटीच्या माणसाचं काहीतरी चुकलं असं त्यांना वाटलं असावं. मी म्हटलं, 42 च्या जागी 73 झाले ना. ते म्हणाले, ‘‘हो, पण पुढे?’’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मला तो प्रश्न त्यांच्या सगळ्या बोर्डांपेक्षा आवडला.

घरी हे चालत नाही, तेही सांगून टाकतो. गावी निघण्याआधी गॅस, गीझर, गच्चीचं दार, आईच्या गोळ्या अशी यादी मी फ्रिजवर लावली होती. बायको बँकेत असते, दिवसभर सह्या आणि शिक्के सांभाळून येते. तिनं त्याच कागदावर खाली लिहिलं, ‘स्वतःचं ताट उचलणे’, आणि पुढे तारखांचे रकाने आखले. ते रिकामे आहेत हे पाहुण्यांना दाखवण्यात तिला विशेष आनंद होतो. आईच्या गोळ्यांसाठी आईनंच एक पद्धत काढलीय. रात्री नऊला नात मोठ्यानं विचारते, ‘‘आजी, पांढरी?’’ आई म्हणते ‘‘झाली’’, नात म्हणते ‘‘दाखव’’. रिकामी पट्टी दाखवल्याशिवाय सुटका नाही. कालची पट्टी दाखवून फसवायचा प्रयत्न आई अधूनमधून करते, तेवढी मजा तिलाही हवी असते.

शॉपमध्ये आता मी आठवड्यातून काही रात्री तिसऱ्या पाळीला थांबतो. नुसता उभा राहतो, हातात वही नसते. पाच वाक्यांचा क्रम आम्ही अधूनमधून बदलतो, म्हणजे आरती जमत नाही. कधी हेल्पर विचारते आणि सेटर उत्तर देतो, कधी उलटं. ‘तुझा पोरगा या प्रेसवर उभा असेल तर’ असला प्रश्न मी त्यांना विचारत नाही. तो स्वस्त प्रश्न आहे, आणि सेटरचा पोरगा खरंच पुढच्या वर्षी आयटीआयला जाणार आहे. मी उभा असतो तेव्हा सगळं नीट होतं. मी नसतो तेव्हाचं मला त्या अप्रेंटिसकडून कळतं, तेही तिला सांगावंसं वाटलं तर. माझ्या उभं राहण्यावर टिकणारी गोष्ट टिकली असं म्हणायचं का, यावर माझं मत दर आठवड्याला बदलतं.

गेल्या महिन्यात ग्राहकाचं ऑडिट झालं. ऑडिटर तरुण, नम्र, बूट चकचकीत. 24 ओळींच्या तक्त्यावर तो खूश होता. गुरुवार आता कोरे असतात हे त्याच्या लक्षातही आलं नाही. टोपणाजवळ थांबून त्यानं सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, ‘‘चांगलं आहे सर, पण याचं रेकॉर्ड कुठे आहे?’’ मी म्हटलं, बोलतात, लिहीत नाहीत. त्यानं मान हलवली आणि एक मायनर एनसी, म्हणजे किरकोळ त्रुटीची नोंद लिहिली: पडताळणी होते, पुरावा उपलब्ध नाही. उपाय म्हणून एक फॉर्म जोडा, दोघांच्या सह्यांसह. मालक म्हणतात, जोडून टाका, ग्राहक महत्त्वाचा. सेटर म्हणतो, ‘‘द्या फॉर्म, महिन्याचा एकदम भरून देतो.’’ अप्रेंटिस म्हणते, सह्या करायला हातमोजे काढावे लागतील, मग टोपण कोण धरणार? महिनाअखेरीपर्यंत लेखी उत्तर द्यायचंय. निदान याबाबतीत मी मालकांना थांबवायचं ठरवलंय, उद्या अकराला त्यांच्या केबिनमध्ये.